मशीनपुढचा वट्टा

"कुणाला इचारून बांधलास गं ह्यो वट्टा?" शिवलिंगप्पा वरडला. त्याच्या हातात नारळ, माझ्या हाताला चिखल.

"कुणालाच न्हाय, अप्पा," म्या म्हनलं.

खंडेनवमी होती. खव्याची मशीन बंद, कढईला झेंडूचा हार. तिच्यापुढं म्या विटा-मातीचा वट्टा घातला होता, दोन विती उंच. चढायला पायरीबी केली होती.

येरमाळ्याजवळ हायवेला अप्पाची भट्टी. मशीन आली तवा त्यो म्हनला, आता बायांचं ढवळायचं काम संपलं. संपलं बी. पण खाली शेगडी, वर कढई, आन् काठ माझ्या आईच्या खांद्याला. दुधाचा कॅन डोक्यापतोर उचलून वतायचा, दिवसभर. ज्यानं ही मशीन काढली त्यानं बाईमाणसाला कॅन उचलताना कधी बघितलंच नसंल. काठ जरा खाली घ्यायला त्याच्या बापाचं काय जात होतं? पालथं कॅरेट ठेवून बघितलं, तुपकट फरशीवर सरकलं.

आईचा उजवा हात आता वर जात न्हाय. तिची वेणी म्या घालते. "दसऱ्यापतोर बघतो तुझ्या आईला, न्हायतर दुसरी बाई लावतो," अप्पा म्हनला होता. म्हणून वट्टा.

"आज मशीनची पूजा, आन् तू चिखल कालवायलीस?"

"तुमी मशीनला हळद लावायलात. आईच्या खांद्याला हळद लावून लावून तिचं पोलकं पिवळं झालंय."

"लई जीभ चालायलीय! उगं न्हाय साळा सुटली तुझी."

"वैष्णे, गप," आई म्हनली. "अप्पा, लेकरू हाय. राहू द्या."

खंडेनवमीला अवजार चालवत न्हाईत, म्हणून वट्टा वाचला. "उद्या पहार घालतो," म्हनत त्यानं नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी त्यो पहार घेऊनच आला. संगं दीपमाला, आईच्या जागी आणलेली बाई. दारात दुधाचा टेम्पो उभा.

"आधी आईला वतू तर द्या," म्हनत म्या आडवी आले.

आई वट्ट्यावर चढली. काठ पार कमरेच्या जवळ आला. कॅन नुसता कलता करायचा. तिनं केला. उजव्या हाताला भार पेलला न्हाय, कॅन निसटला, दूध तिच्या पायावर, वट्ट्यावर.

"जमंना गं," ती म्हनली. माझ्याकडं बघितलं न्हाय तिनं.

"दीपमाले, तू बघ जरा," अप्पा म्हनला.

दीपमाला चढली. दुसरा कॅन काठाला टेकवला, कलता केला. थेंब सांडला न्हाय.

"आरं वा!" अप्पानं पहार भिताडाला टेकवली. "राहू दे वट्टा. कामाचा हाय."

माझं टाळकं असं फिरलं, वाटलं लाथेनं एक एक वीट उडवावी. पाय उचललाबी.

पण आई खाली बसली होती. डाव्या हातानं, पदरानं, वट्ट्यावरलं दूध पुसत.

"थांब गं माय," ती दीपमालाला म्हनली, "उतरू नको आत्ताच. पाय घसरंल."