पिवळ्या बिल्ल्यांची रांग

मी एक जुना लोखंडी कठडा आहे. हसू नका, मित्रांनो. कठड्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही दापोडीच्या या भंगारवाल्याकडे लपाछपी खेळायला येता, माझ्या नळ्यांवरून उड्या मारता, म्हणून तुम्हालाच सांगतो. मोठ्या माणसांना सांगून काही उपयोग नाही. ती सगळी तिथेच होती.

माझा जन्म त्रेसष्ट सालचा. भोसरीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला तेव्हा एक नवा कारखाना उभा राहत होता. बांधकामातून उरलेल्या नळ्या कोंडाजी वेल्डरने मापात कापल्या, जोडल्या आणि प्रत्येक सांधा कानशीने घासून गुळगुळीत केला. मुकादम ओरडायचा, "अरे, रांगेचा कठडा हाय तो, देव्हारा न्हाई!" कोंडाजी म्हणायचा, "मान्सं हात ठिवत्याल त्याच्यावर. वरखडा उठाया नगं कुनाला." भला माणूस होता. मग मला सांगवीच्या थांब्यावर पुरलं. कंपनीची बस तिथून सहा वाजून दहा मिनिटांनी सुटायची आणि कारखान्याचं गेट सातच्या भोंग्याला बंद व्हायचं.

पहिली पाच-सहा वर्षं माझी मजेत गेली, खोटं कशाला बोलू! एकच रांग होती. जो आधी येईल तो आधी चढेल. आणि त्या रांगेत एक रीत होती. लवकर आलेला माणूस आपला जेवणाचा डबा माझ्या पायाशी ठेवायचा आणि समोर चिमाबाईंच्या टपरीवर चहाला जायचा, नाहीतर घरी म्हैस पिळायला जायचा. डबा उभा, म्हणजे माणूस उभा. दुसऱ्याच्या डब्याला कोणी बोट लावत नसे. एकदा चिमाबाईंच्या शेळीने चार डबे लवंडले, तर साऱ्या रांगेने मिळून आठवून आठवून ते जागच्या जागी ठेवले. मला तेव्हा या माणसांचा अभिमान वाटायचा.

मग एकोणसत्तर साली कंपनीने माझ्या पोटात आणखी दोन आडव्या नळ्या घातल्या आणि माझ्या तीन रांगा केल्या. ऑफिसातल्या साहेबांना पांढरा बिल्ला, कायम कामगारांना निळा, बदली कामगारांना पिवळा. बसच्या सीट अठ्ठेचाळीस. त्यातल्या आठ पांढऱ्यांच्या, तीस निळ्यांच्या, उरलेल्या दहा पिवळ्यांच्या. पहिली शिट्टी झाली की पांढरे चढायचे, दुसरीला निळे, तिसरीला पिवळे. वरच्या बिल्ल्याची सीट रिकामी राहिली तरी खालच्या बिल्ल्याला द्यायची नाही आणि उभ्याने कोणाला न्यायचं नाही. साहेब लोक बहुतेक जीपने जायचे, म्हणून त्यांच्या पुढच्या सीट मोकळ्याच धावायच्या. वा रे नियम!

लवकर कसं चढायचं, हे तुम्हाला शिकायचं असेल तर माझ्याइतका जाणकार भेटणार नाही. साहेबाची पिशवी उचलून त्याच्या मागे चालावं, पहिल्या शिट्टीला आत जाता येतं. शिट्टी मारणाऱ्या मारुतरावांना परड्यातली वांगी आणून द्यावीत, म्हणजे ते जरा दुसरीकडे बघतात. आणि ज्याच्याकडे साहेबही नाही आणि वांगीही नाहीत, त्याने आपला डबा सर्वांच्या आधी आणून ठेवावा. एवढंच त्याच्या हातात असतं.

ज्ञानदेवाच्या हातात एवढंच होतं. तो पिवळ्या बिल्ल्याचा, वाकडचा. तेव्हाचं वाकड म्हणजे शेतं आणि बाभळी. तिथून तो रोज अंधारातच निघायचा आणि बांधाबांधाने चालत यायचा. सांगवीतल्या माणसांचे डबे त्याच्या आधी लागलेले असायचे. तो कधी नववा, कधी बारावा. बारावा असला की बस त्याच्या तोंडासमोरून जायची आणि त्या दिवशी त्याचं काम बुडायचं. सहा वर्षं बदलीवर काढली बिचाऱ्याने, पण कधी कोणाचा डबा इंचभर सरकवला नाही.

चौऱ्याहत्तर साली नोटीस लागली. जुन्या बदलीवाल्यांपैकी अकरा जणांना कायम करायचं ठरलं होतं आणि यादीत ज्ञानदेवाचं नाव होतं. अट एकच. पुढचा महिनाभर एकही खाडा नाही आणि एकदाही गेटवर उशीर नाही. चुकला की नाव कटलं. मित्रांनो, तो महिना मी त्याच्याबरोबर मोजला. तो रोज कोंबड्याच्याही आधी निघायचा आणि तिसऱ्या रांगेत त्याचा पितळी डबा पहिल्या दहांत यायचा. डोळे खोल गेले होते, चालता चालता झोप यायची त्याला. पण एकोणतीस दिवस तो वेळेवर पोचला.

तिसाव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बस परतली तेव्हा तो माझ्या सांध्यावर हात टेकून उभा होता. शेजारी हिंदुराव होते. निळ्या बिल्ल्याचे, कायम झालेले, वयाने मोठे. सांगवीचेच.

"उद्याचा एक दीस," हिंदुराव म्हणाले. "त्वांड का असं केलंस?"

"कस्तुराला सकाळपास्नं कळा येत्यात," ज्ञानदेव म्हणाला. "सुईन म्हनली, रातच्याला न्हाईतर पहाटंला सुटंल. आनि मला तर पहाटंच्या आधीच निघाया पायजे. घरात दुसरं बाईमानूस न्हाई."

हिंदुराव त्याच्याजवळ सरकले. मग म्हणाले, "तू बायकूपाशी थांब. मी उद्या रजा टाकतो. माझा डबा मी निळ्या रांगंत ठिवतो, माझ्या जागंवर तू चढ. सहाला आलास तरी चालंल."

"मारुतराव?"

"मारुतराव डबं मोजतो रं, मान्सं कुठं मोजतो? इतक्या वर्सांत त्यानं बिल्ला बघितलाय का कुनाचा?"

ते खरं होतं. मीही तेच म्हणालो असतो. डबा उभा म्हणजे माणूस उभा, यावर आम्हा सगळ्यांचा भाबडा विश्वास! आणि एका माणसाने दोन जागा धरणं वाईट, म्हणून ज्ञानदेवाने तिसऱ्या रांगेत आपला डबा कोणाच्या हाती पाठवलाही नाही.

सकाळी तो धावतच आला. चेहरा नुसता उजळला होता. चिमाबाईंनी टपरीतून विचारलं, "काय रं, सुटली का?"

"पोरगी झाली, चिमाबाई! दोघी खुशाल हायेत!"

आणि त्याच दिवशी, महिन्याचा शेवटचा दिवस म्हणून, ऑफिसातून एक साहेब तपासणीला आले होते. ते मारुतरावांच्या खांद्याशी उभे राहिले. दुसरी शिट्टी झाली. निळे चढू लागले. ज्ञानदेवाने हिंदुरावांचा डबा उचलला आणि पायरीवर पाय ठेवला.

"बिल्ला?" साहेबांनी विचारलं.

मारुतरावांनी मान वर केली नाही. "ज्ञानदेवा, पिवळा हाय तुझा. मागं हो बाबा."

"जागा हिंदुरावांची हाय. त्यांनीच दिली," ज्ञानदेव म्हणाला. "विचारा की ह्या समद्यांना. विचारा!"

निळ्यांना सगळं ठाऊक होतं. हिंदुरावांनी डबा ठेवताना प्रत्येकाला सांगितलं होतं आणि मग ते घरी परतले होते. एकजण चप्पल नीट करू लागला, एकजण खिडकीबाहेर बघू लागला. हो म्हणायला काय लागत होतं हो? पण साहेब ऐकत होते ना!

ज्ञानदेव तिसऱ्या रांगेत आला. तिथे सतरा डबे होते आणि त्याचा एकही नव्हता. बहुतेक जण नवे होते, त्यांची नावं यादीत नव्हती. त्याने हात जोडले. "आजच्या दीस द्या कुनी तरी. पाया पडतो."

"डबा न्हाई तर जागा कशी, भाऊ?" एकजण पुटपुटला. त्याचाही दिवस बुडाला असता, हे खरं. बाकीचे खाली बघत होते.

तिसऱ्या शिट्टीला दहा पिवळे चढले आणि दार लागलं. पुढे पाच पांढऱ्या सीट रिकाम्या होत्या. मधे हिंदुरावांची निळी सीट रिकामी होती. सहा रिकाम्या सीट घेऊन ती बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. ज्ञानदेव तिच्या मागे धावला. वाटेत एका ट्रकवाल्याने त्याला थोडं नेलं, असं नंतर ऐकलं. पण तो गेटवर पोचला तेव्हा भोंगा होऊन बारा मिनिटं झाली होती. नाव कटलं.

त्यानंतर तो सांगवीच्या थांब्यावर आला नाही. चाकणच्या कांदा बाजारात हमाली करतो, असं चिमाबाई सांगायच्या. आदल्या संध्याकाळी त्याने माझ्या सांध्यावर हात टेकला होता, तो शेवटचा.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव आले आणि त्यांनी आपला डबा तिसऱ्या रांगेत, सगळ्यांच्या मागे ठेवला. मारुतराव म्हणाले, "हिंदुराव, तुमची रांग ती हाय." हिंदुराव म्हणाले, "माझ्या जागंनं मानूस बुडवला. नगं मला ती." निवृत्त होईपर्यंत, सात वर्षं, ते शेवटी उभे राहिले. निळा बिल्ला असून कितीदा तरी बस चुकली त्यांची. एक्याऐंशीत थांबा हलला, मला उपटलं आणि इथे आणून टाकलं.

मला तुम्ही रंग द्यावा, जपावं, असं मी म्हणत नाही. खुशाल उड्या मारा. गंजून जाऊ द्या मला. एकच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाडीत बसाल, शेजारची सीट रिकामी दिसेल आणि खाली कोणी उभा असेल. तेव्हा त्याला हाक मारा. साहेब बघत असला तरी मारा. त्या सकाळी मला हाक मारायची होती, पण मी लोखंड, मला तोंड नव्हतं. बसमधल्या बेचाळीस जणांना होतं.