आकाश निरभ्र राहील

रेडिओवर सकाळचा हवामानाचा अंदाज मी सांगतो. तो बनवतोही मीच, त्यामुळे चुकला तर खापर फोडायला दुसरं डोकं मिळत नाही. त्या रविवारी भारदस्त आवाजात मी जाहीर केलं, "आकाश दिवसभर निरभ्र राहील," आणि बायकोला घेऊन थेट फ्लाइंग क्लब गाठला.

विमान उडवणं हा माझा सुट्टीचा शौक. क्लबचं विमान दोघांचं, बसलं की गुडघे पोटाशी येतात. बायकोला स्टुलावर चढून माळा झाडतानासुद्धा गरगरतं, त्यामुळे इतकी वर्षं ती त्यात पाऊल ठेवत नव्हती. त्या दिवशी मात्र आपणहून म्हणाली, "मीही येते." माझी छाती फुगली. पट्टा लागेना तो त्यामुळेच, पोटाचा काही संबंध नाही.

टेकड्यांपलीकडे मेहुण्याकडे विमानानेच जेवायला जायचं होतं. निघताना त्याचा फोन आला, "भाऊजी, इकडे भरून आलंय. गाडीने या की."

"हवामान खात्यात तू आहेस की मी?" असं म्हणून मी त्याला गप्प केलं.

टेकड्या जवळ आल्या आणि समोर ढग उभे. आधी मी त्यांना 'विरळ' म्हटलं, मग 'स्थानिक स्वरूपाचे'. आमच्या खात्यात प्रत्येक फजितीला एक सभ्य शब्द असतो. ढगांखालून निघू म्हणून विमान खाली आणलं, तर ढगही खाली आले. एक जोरदार हिसकाही बसला. जमीन दिसतेय तोवरच मला विमान सांभाळता येतं. ढगात शिरलो असतो तर वर कुठे आणि खाली कुठे हेही कळलं नसतं. परत फिरायला हवं होतं. पण मग धावपट्टीजवळच्या कंट्रोल टॉवरला कारण सांगावं लागणार, आणि टॉवरवाला रोज सकाळी माझा अंदाज ऐकतो. त्या दीडदमडीच्या अब्रूपायी मी दोघांचे जीव टांगणीला लावून सरळ पुढे चाललो होतो.

"वळवा," बायको म्हणाली.

"अगं, पलीकडे उघडीप असेल."

"अहो, समोरची टेकडी दिसेनाशी झालीय. वळवा." आवाज चढला नव्हता, पण तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

मी वळवलं. टॉवरवाल्याने विचारलंच, "परत का? सकाळी तर तुम्ही..."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

उतरलो आणि थेंब पडायला लागले. बायकोने पर्समधून छत्री काढली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"सकाळी खिडकीतून बाहेर बघितलं होतं."

"मग मला अडवायचं नाही का?"

"अडला असतात?"

तिच्या हातातली छत्री मी धरली.

"मला मरणाची भीती वाटत होती," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "पण तुम्ही एकटे गेला असतात, तर वळवा म्हणायला कोण होतं?"