कान खाजवला की बदाम

धाकट्याला हरणं कधी सोसलंच नाही. लहानपणी हरायला लागला की तो सोंगट्यांचा पट उधळून द्यायचा. लग्न झालं, स्वतःचं शिलाईचं दुकान झालं, पोट सुटलं, तरी खोड गेली नाही. रविवारी तो आणि बायको थोरल्या भावाकडे जेवायला जात आणि जेवणावर पत्ते रंगत. एकीकडे ही दोघं भिडू, दुसरीकडे दादा आणि वहिनी. हरणाऱ्या जोडीने सगळ्यांची भांडी घासायची, असा नियम. सुरुवातीला धाकटा लागोपाठ हरला, पत्ते भिरकावून उठला आणि पुढे कितीतरी रविवार 'दुकानात काम आहे' म्हणून तिकडे फिरकलाच नाही.

परत आला तो तयारी करून. पहिली पानं हातात आली की एकाने हुकूम बोलायचा असतो, म्हणजे कुठला रंग इतरांच्या एक्क्याराजांनाही कापणार ते ठरवायचं असतं. भिडूकडे काय आहे हे तेव्हा कळलं तर डाव खिशातच. म्हणून नवराबायकोने घरी बसून खुणा ठरवल्या होत्या. कान खाजवला की बदाम, कॉलर नीट केली की इस्पिक, चष्मा वर सारला की चौकट, नाक पुसलं की किलवर.

तेव्हापासून धाकट्याची जोडी क्वचितच हरली. वहिनी बाह्या सारून हसत मोरीकडे जायची. पुढे तिची मनगटं दुखायला लागली, मग दादा घासायचा आणि ती विसळायची. धाकटा पाय पसरून आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणायचा, "वहिनी, पत्त्यांना डोकं लागतं!"

"माझ्या वाटणीचंही तुलाच मिळालंय बघ," ती आतून म्हणायची.

वहिनी गेली आणि रविवार बंद पडले. बऱ्याच महिन्यांनी दादाचाच फोन आला. "या. पोरगी आलीये चार दिवस. पत्ते काढून ठेवलेत."

जेवणं झाली. पुतणी आईच्या जागेवर बसायला लागली तर दादा म्हणाला, "तू काकूबरोबर खेळ. आज आम्ही भाऊ-भाऊ भिडू."

पुतणीने पानं वाटली. हुकूम धाकट्याने बोलायचा होता आणि हातात सगळा कचरा. सवयीने त्याने समोर पाहिलं. दादाने हात वर नेला आणि कान खाजवला.

खाज आली असेल. चोराच्या मनात चांदणं! पण दादाने त्याच्याकडे बघत पुन्हा तोच कान खाजवला. तोही करंगळीने, अगदी धाकट्याच्या बायकोसारखा. ती बिचारी पत्त्यांत तोंड खुपसून बसली. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू शोधणाऱ्या माणसाला आपल्या खुणा दिसत नसतील, असं या शहाण्याला इतकी वर्षं का वाटत होतं, देव जाणे. मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जग काही डोळे मिटत नाही.

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बदाम म्हणावं तर चोरी कबूल केल्यासारखं, दुसरं काही म्हणावं तर दादाच्या तोंडावर पुन्हा खोटं. त्याच्याकडे किलवरची एकटी दुर्री होती, म्हणजे त्यात हार पक्की.

"किलवर," तो म्हणाला.

दादाने बदामाचा एक्का टाकला, तो पुतणीने किलवरच्या तिर्रीने कापला. राजाची तीच गत. डाव साफ बुडाला. "काका हरले!" पुतणी टाळ्या पिटत म्हणाली. "आईने बघायला हवं होतं."

दोघे भाऊ मोरीत गेले. घासणी धाकट्याने ओढूनच घेतली. पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर त्याने मान खाली घालूनच विचारलं, "दादा, कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासूनच. तुझ्या वहिनीने पकडलं, मी नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"मी फाडून खाणार होतो तुला. ती म्हणाली, राहू द्या हो. हरला की तो येत नाही. चार भांड्यांनी माझे हात काय झिजतायत?"

झिजले होते. शेवटी शेवटी तिला कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायचा, हे धाकट्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि वर पाय पसरून डोक्याच्या गप्पा मारल्या होत्या. स्वतःची एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तो एकच ताट घासत राहिला.

"आणि आज मला उघडं पाडलंस. बरं केलंस."

"उघडं?" दादा त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे, तुला जिंकवत होतो मी. हातात एक्का, राजा, राणी, सगळा बदाम होता माझ्या."

दादाने त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं, नळाखाली धरलं आणि पाठ वळवून विचारलं, "उद्या पोरगी जाईल तिच्या घरी. आज हरलास खरा, पण पुढच्या रविवारी येशील ना?"