सात नंबर, उत्तर द्या

रुग्णवाहिकांच्या डेपोत रेडिओ दुरुस्त करणारी बाई एकच, आणि सगळे तिला ताई म्हणत. पण तसं म्हणायचा जन्मसिद्ध हक्क फक्त एकाला होता, सात नंबरची गाडी चालवणाऱ्या तिच्या धाकट्या भावाला. त्याला मात्र डेपोत सगळे ‘समाधी’ म्हणत. नाव घरातूनच आलं होतं. लहानपणी दूध आणायला पाठवलं की हा रिकामी किटली धरून रस्त्याच्या मधोमध उभा, नजर ढगांत, आणि मागे सायकलवाले घंट्या वाजवून हैराण.

आज चार वाजता साहेब त्याचा निकाल लावणार होते. गेल्या आठवड्यात भरदुपारी कंट्रोलने सात नंबरला अकरा वेळा हाक मारली आणि एकदाही उत्तर आलं नाही. छातीत कळ आलेला एक म्हातारा पन्नास मिनिटं जिन्यात बसून राहिला. शेवटी फोन करून बोलावलेली, शहराच्या दुसऱ्या टोकाची गाडी पोचली. म्हातारा वाचला, पण वाचला म्हणून चूक धुऊन निघत नाही, असं साहेब म्हणाले, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

“मी जागाच होतो,” भावाचं एकच पालुपद. “रेडिओ वाजलाच नाही.”

ताईने रेडिओ गाडीतून काढला, टेबलावर मांडला, तासभर तपासला. ठणठणीत. कार्डावर ‘दोष नाही’ लिहून सही केली. दोन दिवसांनी पुन्हा काढला, पुन्हा ठणठणीत, पुन्हा सही. त्या दोन सह्यांमुळे भावाची गाडी जाणार होती. साहेब त्याला कायमचं गोदामात बसवणार होते, औषधांची खोकी मोजायला. गाडी चालवणं सोडलं तर त्याला जगात दुसरं काही धड येत नव्हतं.

साहेबांकडे तिने शेवटची एक दुपार मागून घेतली. रेडिओ न काढता, गाडीतच बसून बघायचं ठरवलं. भाऊ जिथे गाडी लावायचा तिथेच, कुंपणाच्या कडेला, तिने गाडी उन्हात लावली. कंट्रोलच्या खोलीतल्या मावशींना सांगितलं, “दर पाच मिनिटांनी हाक मारा.”

पहिली हाक आली. ताईने माईक उचलला, बटण दाबलं. “सात नंबर, ऐकतेय.” दुसरी आली, तिसरी आली. तिसरीला उत्तर देऊन तिने माईक डॅशबोर्डवर ठेवला आणि पाठ टेकली.

बॅटरी ठीक होती, अँटेनाची वायर ठीक होती, अर्थिंगचा स्क्रू तिने स्वतः घासून घट्ट केला होता. आता काय उरलं? काचेतून ऊन आत उतरत होतं. डॅशबोर्ड असा तापला होता की त्यावर कपडे वाळले असते. अंगणापलीकडच्या भिंतीवर पाण्याचा एक कवडसा थरथरत होता. कुठल्या टाकीतलं पाणी तो दाखवतोय हे तिला काही केल्या कळेना. तिने त्याचा नाद सोडला. तो मात्र हलत राहिला. इंजिन बंद, बाहेर वारा नाही, आणि गाडीत इतकी शांतता की आपण पाण्याखाली बसलोय असं तिला वाटलं. इथे रोज दुपारी तो असाच बसत असणार. झोप लागली असेल तर त्यात नवल काय?

आणि हे मनात येताच तिला स्वतःची लाज वाटली.

एकटं माणूस बोलतं तसं ती मग बोलायला लागली, कवडशाकडे बघत.

“खरं सांगू? पहिल्यांदा रेडिओ काढला तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, हा झोपला असणार म्हणून. तपासलं ते फक्त सही करायला. आईला मी वचन दिलं होतं, याला कुणी हसलं तर मी आहे म्हणून. आणि सगळ्यांत आधी हसलं कोण? मीच.”

तिने कपाळावरचा घाम पुसला.

“आणि माझी ऐट बघा. टेबलावर माझा स्वतःचा माईक. पंधरा वर्षांचा, माझ्या हाताने दुरुस्त केलेला, दुसऱ्याला हात लावू देत नाही. प्रत्येक वेळी रेडिओ काढायचा आणि माझा माईक जोडायचा. गाडीतला माईक गाडीतच लटकत राहायचा. दोन्ही वेळा…”

ती थांबली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“अगं बाई. हा माईक मी एकदाही तपासलेला नाही. दोन सह्या केल्या आणि माईक बघितलाच नाही. तो खरं बोलत होता आणि मी त्याच्यावर सही करून मोकळी झाले. चूक माझी आहे, त्याची नाही.”

तेव्हा कुठे तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं. पंचवीस मिनिटं. मावशींची हाक एकदाही आली नव्हती. मावशी पंचवीस मिनिटं गप्प? त्या तर जेवतानाही गप्प बसत नाहीत.

रेडिओवरचा बोलण्याचा बारीक दिवा उन्हात कधीच दिसायचा नाही. ताईने त्यावर ओंजळीचा आडोसा धरला आणि डोळा लावला. लाल होता.

तिने माईक उचलला. तो चटका बसण्याइतका तापला होता, आणि उन्हाने फुगलेलं बटण दाबलेलंच राहिलं होतं, वर यायचं नाव नाही. बटण दाबलेलं असेपर्यंत गाडी बोलत राहते, आणि बोलणाऱ्या गाडीला काही ऐकू येत नाही. सकाळच्या गारव्यात, सावलीतल्या शेडमध्ये हा माईक जोडला असता तरी हे तिला कधीच सापडलं नसतं. ‘दुपारी चॅनल मुका होतो’ अशी तक्रार दुसऱ्या गाड्यांनी दोनदा केली होती, पण ती दुसऱ्या वहीत होती, आणि दोन वह्या शेजारी ठेवून कुणी वाचल्या नव्हत्या.

मग तिला पुढचं कळलं. गाडी बोलत होती. म्हणजे तीही.

नखाने उचकटल्यावर बटण वर आलं. मग तीन नंबरच्या ड्रायव्हरचा घोगरा आवाज, “ताई, सगळ्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत. कुणाच्याने चालवेना.”

“आम्हीही ऐकलं,” मावशी म्हणाल्या. त्या नाक ओढत होत्या. “साहेब इथेच उभे आहेत. त्यांनी गोदामाच्या बदलीचा कागद फाडला. आणि थांबा, याला बोलायचंय.”

कुणीतरी माईक हातात घेतल्याचा आवाज झाला.

“ताई,” भाऊ म्हणाला, “तुझ्या सह्या बघून मलाही वाटायला लागलं होतं, की मी झोपलोच असेन.”

ताईने तो तापलेला माईक ओठांजवळ धरला. बटण पुन्हा अडकलं तर अडकू दे.

“नाही रे,” ती म्हणाली. “तू जागा होतास.”