पाणमांजराला बोलावण्याचा मंत्र

श्रीकरच्या तिन्ही तमिळ कादंबऱ्यांत प्रत्येक नायकाला एक रक्षक प्राणी होता. संकट आलं की नायक मंत्र म्हणायचा आणि धुरातून वाघ, गरुड, नाहीतर कावेरीतलं पाणमांजर धावून यायचं. मंत्र 'लुप्त आदिभाषेतले' आहेत, असं पुस्तकामागे छापलेलं होतं. ही आदिभाषा म्हणजे कुंभकोणमच्या त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोललं जाणारं मराठी, एवढं छापायला मात्र जागा उरली नसावी.

महामहम तळ्याजवळच्या सभागृहात वाचक-मेळावा भरला. ऐंशी माणसं आली. दुसऱ्या रांगेत श्रीकरची आत्या मीनाक्षीबाई होत्या. पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं. चांगली कॉफी मिळेल म्हणून त्या आल्या होत्या.

वाघाचा मंत्र झाला. मग श्रीकरनं डोळे मिटले, हात पसरले आणि पाणमांजराचा महामंत्र सांगितला. सभागृह त्याच्यामागून गरजलं, "दूध उतून गेलें! चुलीपाशी कोण अहे?"

मीनाक्षीबाई दचकून उठल्या. "अरे, मग विझव कीं!"

पुढच्याच क्षणी त्यांना सगळा उलगडा झाला आणि हसू आवरेना. त्यांनी तमिळमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं, "अहो, हे मी याला रोज सकाळी ओरडते. मघाचा वाघाचा मंत्रही माझाच. ओला पंचा गादीवरून काढ, असा त्याचा अर्थ."

श्रीकरला वाटलं, संपलं. एकही रक्षक प्राणी मदतीला आला नाही.

सुष्मिता नावाची एक मुलगी उभी राहिली. तिनं दंडावर तोच महामंत्र गोंदवून घेतला होता. तिनं दंडाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "म्हणजे खऱ्या गुरू तुम्ही?"

पाच मिनिटांत बाईंसमोर रांग लागली. परीक्षेच्या भीतीवर त्यांनी "उठ मेल्या, दात घास" हा मंत्र दिला, लग्न जमण्यासाठी "पायरीवर बसूं नको". लोकांनी डोळे मिटून ते ग्रहण केले. प्रकाशकानं त्यांचा फोन नंबर घेतला. लेखक खुर्च्या आवरत होता.

परतताना स्कूटरवर मागून बाईंनी विचारलं, "त्या पाणमांजराचें पुढें काय झालें रे?"

घरातल्या कुणी त्याच्या गोष्टीबद्दल विचारण्याची ही पहिलीच वेळ. श्रीकरनं घराचं वळण सोडून दिलं आणि तळ्याभोवती हळूहळू स्कूटर फिरवत पहिल्या प्रकरणापासून सांगायला सुरुवात केली.