नटांवरची लाल खूण

बायको, अयोध्या, गेल्याचं कळलं तेव्हा नरसिंग नांदेडच्या वर्कशॉपमध्ये एका नव्या जीपखाली उताणा पडला होता. गिऱ्हाइकाच्या हातात गाडी देण्याआधी चाकांचे नट आणि स्टिअरिंगचे बोल्ट तपासायचे, हे त्याचं काम. हे ढिले राहिले तर माणूस मरतो. पान्यानं आवळायचं, 'कट' आवाज आला की नटावर लाल रंगाची रेघ ओढायची. रेघ असली की पुन्हा हात लावायचा नाही. चौदा वर्षं तो हेच करत आला होता. फोन निलंग्याहून सासऱ्यांचा होता. शेषेराव एवढंच म्हणाले की गाडी नाल्यात गेली, दयानंद लातूरच्या दवाखान्यात हाय, अन् पोरगी न्हाई.

दयानंद अयोध्याचा धाकटा भाऊ. त्याला डोंगराच्या, खडकाच्या वाटेनं गाडी घालायचा नाद. त्यासाठीच त्यानं नवी जीप घेतली आणि लातूरला नेऊन तिला मोठाली चाकं बसवली. टायरवाल्यानं बजावलं होतं, शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या, नवी चाकं बसताना ते सैल पडतात. दयानंद हसून त्याला म्हणाला होता, आमचे दाजी त्याचाच तर पगार घेतात.

नव्या गाडीच्या पूजेच्या रविवारी नरसिंगची एसटी लोह्याजवळ बंद पडली. तो निलंग्याला पोचला तेव्हा नारळ फुटून पंगत बसली होती. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. नटानटावर लाल खूण होती. दयानंदनं टायरवाल्याकडून आवळून आणलं असणार, असं त्यानं धरलं. अयोध्यानं वाढता वाढता टोमणा मारला की ह्यांना बायकोचं तोंड लक्षात नसंल, गाडीचे नट मात्र पाठ हायेत. सगळे हसले. त्या हसण्यातच दयानंदनं विचारलं, "दाजी, नट बघितले का?"

"झालंय," नरसिंग म्हणाला आणि पाटावर बसला.

संध्याकाळच्या बसनं तो नांदेडला परतला. अयोध्या माहेरी राहिली. दुसऱ्या दिवशी ती भावाबरोबर किल्लारीकडे मावशीला भेटायला निघाली. उतारावर पुढचं डावं चाक निघालं.

सगळ्या गावानं दयानंदला दोष दिला. पोरगं लई जोरात गाडी मारतं, कधीतरी हे होणारच होतं, असं लोक शेषेरावांच्या तोंडावर बोलले. नरसिंगही तेच धरून चालला होता. मेव्हण्याचं तोंड बघायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

दहाव्याच्या दिवशी सासू केवळाबाई त्याच्यासमोर येऊन बसल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"जावईबापू, माझं काय चुकलं सांगा. तुमी आवळल्यावर नटाला लाल रेघ मारता, मंग गाडीला काय होत न्हाई, अयोध्या सांगायची मला. म्हणून पूजेला मी तेलात कुंकू कालवून एकेका नटाला लावलं. एक बी सोडला न्हाई."

नरसिंग उठला आणि तसाच चालत पोलीस ठाण्यात गेला. जीप आवारात पडून होती. मागच्या चाकाच्या नटावर त्यानं अंगठा घासला. अंगठा लाल झाला. वर्कशॉपमधल्या रंगाची रेघ पेट्रोल लावल्याशिवाय निघत नाही. मग त्यानं नट चिमटीत धरला. पाना न लावता नट फिरला.

तिथून तो लातूरला गेला. दयानंदच्या पायाला प्लास्टर होतं आणि तोंड भिंतीकडे. नर्स म्हणाली, दोन दिवस झाले, अन्नाला शिवत नाहीत. नरसिंगनं खाटेशी उभ्यानंच सगळं सांगितलं. फिरवून सांगायला त्याच्याकडं दुसरे शब्द नव्हते.

दयानंदनं तोंड इकडे वळवलं. "कुंकू कुणी लावलं? अक्कानं?"

"मामींनी. तुझ्या मायनं."

"मग ठाण्यात बोलू नका. मायला कळलं तर ती जगत न्हाई."

"चूक मामींची न्हाई. मी हात लावून बघितलं न्हाई."

"ते तुमी म्हणताव. ती तसं धरंल का?"

दयानंदनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि पुन्हा भिंतीकडे वळला. जेवणाचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी नरसिंग ठाण्यात गेला. आपलं काम सांगून म्हणाला, नट मी तपासले नव्हते, नुसतं 'झालंय' म्हणालो, एवढंच लिहून घ्या. हवालदारानं लिहायचं थांबवून विचारलं, चौदा वर्षं हेच काम करणारा माणूस न बघता 'झालंय' कसा म्हणतो? बाहेर ओट्यावर केवळाबाई बसल्या होत्या. मुलीच्या अंगावरचे दागिने त्यांना न्यायचे होते. दार उघडं होतं, कुंकवाचं बोललं तर त्यांना ऐकू गेलं असतं. नरसिंग उद्या येतो म्हणून उठला.

त्याला आता सव्वा महिना झाला. वर्कशॉपमध्ये तो पाना हातात घेतो, पण रेघ दुसऱ्याकडून मारून घेतो. दयानंद घरी आला आहे, कुबडीवर चालतो. गुन्हा त्याच्याच नावावर आहे. केवळाबाईंना कुणी काही सांगितलेलं नाही, आणि नरसिंगनं अजून जबाब दिलेला नाही.