दोन देवळ्यांमधली भिंत

मित्रांनो, मी चौलच्या एका इमारतीतली भिंत आहे. वय अवघं चार वर्षं, पण खचून म्हातारी झाले आहे. माझ्या एका बाजूला सगुणाबाई राहतात, दुसऱ्या बाजूला आवडाबाई.

माझा जन्म थाटाचा होता. विटांच्या दोन रांगा आणि मधोमध आवाज अडवणारी जाड गादी, कारण तसा नियमच होता. इंजिनीयर विनितामॅडमनी एका खोलीत कर्कश भोंगा लावला, दुसऱ्या खोलीत आवाज मोजायचं यंत्र धरलं आणि मला पास केलं. मी फार फुशारले होते.

मग माणसं आली. दिव्यासाठी भिंतीत देवळी, म्हणजे छोटा कोनाडा हवाच, असं सगुणाबाईंचं म्हणणं. चांगदेव मिस्त्रीने माझी एक रांग फोडली आणि आतली गादी कचरा समजून उपटली. महिन्याभराने आवडाबाईंनीही त्यालाच बोलावलं. देवळीची उंची तो स्वतःच्या छातीला लावून मोजायचा, त्यामुळे दोन्ही देवळ्या पाठीला पाठ लावून आल्या. मध्ये त्याने प्लायवूडचा तुकडा ठोकला, वर गिलावा फिरवला आणि काही होत नाही म्हणाला.

सगुणाबाई रोज सकाळी दिवा लावून देवाशी मोठ्याने बोलायच्या. एकदा म्हणाल्या, छातीत गाठ लागतेय, पण माझ्या लेकाला, प्रणयला, त्याचं लग्न होईपर्यंत कळू देऊ नकोस. तेवढ्यात पलीकडे आवडाबाईंच्या हातातली काडेपेटी खाली पडली, तेव्हा मला कळलं, माझ्यातून शब्दन् शब्द पलीकडे गेला होता.

आवडाबाई तडक आल्या. दार लावून म्हणाल्या, "सगुणे, गाठ डॉक्टरला दाखवली का न्हाय?"

सगुणाबाई दचकून उठल्या. "तुला कोनी सांगलं? मी देवाबिगर कोनाला बोलली न्हाय."

आवडाबाईंनी देवळीकडे बोट दाखवलं.

त्याच दिवशी दोघी अलिबागला गेल्या. डॉक्टरांनी गाठ वेळेत काढली. आता लोक म्हणतात, भिंत फुटकी होती म्हणून बाई वाचली. मला हे मुळीच पटत नाही. शेजारीण भली होती म्हणून वाचली. पलीकडे दुसरं कोणी असतं तर?

सगुणाबाई अजून रोज दिवा लावतात. पण देवाशी एक शब्द बोलत नाहीत. त्या देवळीकडे बघतात, हात जोडतात आणि ओठ घट्ट मिटून घेतात.

मित्रांनो, माझं पोट कोणीतरी पुन्हा नीट भरा. भिंतीला कान असतात म्हणतात, ते असू देत. पण तिला तोंड फोडू नका.